मंगळवारी खुर्ची मिळत नाही

ऑफिसला परत या, हा हुकूम लिहायला एक परिच्छेद पुरतो. सहकार्य, संस्कृती, ऊर्जा हे तीन शब्द, लागू होण्याची तारीख आणि खाली सही. तो ईमेल सुटला की वरच्या मजल्यावरचं काम संपतं आणि खालच्या मजल्यावरचं सुरू होतं. खुर्च्या किती आहेत? दाराच्या कार्ड रीडरमधून नेमकी कोणती माहिती निघते? रजेवर असलेल्याचा दिवस धरायचा की सोडायचा? ज्याच्या नेमणूक पत्रातच कामाची जागा 'घर' अशी लिहिली आहे, त्याचं काय? एचआर, अ‍ॅडमिन आणि आयटी अशा तीन टेबलांवर हे प्रश्न फिरत राहतात आणि बहुतेक वेळा त्यांची उत्तरं हुकमाची तारीख उलटून गेल्यावर सापडतात.

घरून काम चांगलं की ऑफिसातून, या वादात एव्हाना दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ झाली आहेत. त्यात नवं फारसं नाही. वादही जुनाच आहे. जॅक निल्स या अमेरिकी संशोधकांनी दूरवरून काम करण्याच्या कल्पनेला १९७३ मध्येच नाव दिलं होतं. याहूने २०१३ मध्ये आणि आयबीएमने २०१७ मध्ये आपली घरून काम करणारी माणसं परत बोलावली होती, तेव्हा महामारीचा पत्ताही नव्हता. बघण्यासारखं आहे ते दुसरंच. हुकूम निघाल्यावर इमारतीत काय होतं, हजेरीच्या तक्त्यात काय होतं आणि राजीनाम्यांच्या यादीत काय होतं.

आधी इमारत. समजा माणसं १५० आहेत, खुर्च्या १०० आणि नियम आठवड्यातून तीन दिवसांचा. कागदावर हिशेब चोख बसतो. १५० माणसं गुणिले ३ म्हणजे ४५० हजेऱ्या. १०० खुर्च्या गुणिले ५ दिवस म्हणजे ५०० जागा. पन्नास जागा शिल्लक, वापर ९० टक्के, आणि हे गणित मांडणाऱ्याला शाबासकी. फक्त सोमवारी आणि शुक्रवारी कोणी यायला तयार नसतं. १२० जणांनी मंगळवार, बुधवार, गुरुवार निवडले आणि उरलेल्या ३० जणांनी आपले दिवस विखरून टाकले, तर मंगळवारी दारातून १३५ माणसं आत येतात आणि शुक्रवारी जेमतेम २२. पस्तीस जणांना बसायला जागा नाही, आणि तीन दिवसांनी तोच मजला ओस पडलेला. सरासरी दोन्ही दिवशी तीच आहे, पण सरासरीवर कोणाला बसता येत नाही.

मग ते पस्तीस जण जातात कुठे? मीटिंग रूममध्ये. दहा जणांच्या खोलीत एक माणूस लॅपटॉप उघडून बसतो, कारण त्याला साडेदहाचा कॉल आहे आणि बाहेर मोकळ्या हॉलमध्ये तो घेता येत नाही. महामारीपूर्वीच्या इमारती आठ-दहा-बारा जणांच्या बैठकांसाठी बांधलेल्या आहेत. आताच्या कामातले पुष्कळ कॉल एका माणसाने एका पडद्याशी बोलण्याचे असतात. शंभर हजर माणसांमागे एक-दोन जणांच्या छोट्या, दार लागणाऱ्या दहा-बारा खोल्या नसतील, तर मोठ्या खोल्या सकाळी साडेनऊलाच भरतात आणि ज्या टीमला खरंच एकत्र बसायचं होतं ती जिन्यात उभी राहून बोलते. एकत्र येण्यासाठी बोलावलेली माणसं एकत्र बसायलाच जागा शोधत फिरतात, हा या हुकमातला सर्वांत नेहमीचा विनोद.

अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर २०२४ मध्ये पाचही दिवस ऑफिसचे, असा आदेश काढला आणि २ जानेवारी २०२५ ही तारीख दिली. काही शहरांत जागा तयार नव्हती म्हणून तिथल्या लोकांसाठी ती तारीख पुढे न्यावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर दोन मजले भाड्याने घेतलेल्या कंपनीने मोजणी न करता ईमेल धाडावा हे धाडसच म्हणायचं.

खुर्ची बुक करण्याचं अ‍ॅप हा यावरचा ठरलेला उपाय, आणि त्याचीही ठरलेली दुखणी आहेत. चलाख माणसं महिनाभराचे मंगळवार एकदम अडवून ठेवतात. त्यातले दोन येत नाहीत, पण खुर्ची अ‍ॅपमध्ये लाल दिसते आणि समोर रिकामी. यावर दोन साधे नियम पुरतात. बुकिंग दोन आठवड्यांपलीकडचं घ्यायचं नाही, आणि ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात माणूस जागेवर पोचला नाही तर खुर्ची आपोआप मोकळी करायची. तिसरा नियम जास्त मोलाचा आहे आणि तोच सहसा वगळला जातो. बुकिंग माणसागणिक न ठेवता टीमगणिक ठेवायचं, म्हणजे दहा जणांच्या टीमला शेजारशेजारच्या दहा जागा मिळतील. नाहीतर एक जण तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी, दुसरा पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ, आणि दोघे एकमेकांशी चॅटवर बोलणार. घरून बोलत होते तसेच, फक्त मध्ये प्रवास करून.

कॉलचा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे, कारण हुकूम काढणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो. एकाच रांगेत बसलेले दोघे एकाच ऑनलाइन मीटिंगमध्ये आहेत. पहिला बोलतो. त्याचा आवाज त्याच्या माइकमधून जातो आणि शेजाऱ्याच्या उघड्या माइकमधूनही, किंचित उशिरा. पलीकडच्याला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. त्यात एकाने हेडफोन काढून स्पीकर लावला की आवाज फिरून फिरून किंचाळायला लागतो. मग 'कोणाचा माइक चालू आहे' यात चार मिनिटं जातात. उपाय सोपा आहे. खोलीत बसलेल्या सगळ्यांनी एकच माइक आणि एकच स्पीकर वापरायचा, बाकीच्या लॅपटॉपांचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा. पण त्याला खोली लागते, आणि खोलीत तो साडेदहाचा कॉलवाला बसलेला असतो. अर्धी टीम खोलीत आणि अर्धी घरी असेल तर घरच्यांना माइकजवळच्या दोघांचंच ऐकू येतं, फळ्यावर काय लिहिलं ते दिसत नाही आणि मीटिंग संपल्यावर दाराशी उभं राहून जे ठरतं ते त्यांना कळतही नाही. म्हणून अनुभवी टीमांचा नियम असा असतो की एक जण जरी बाहेर असेल तरी सगळ्यांनी आपापल्या जागेवरून, आपापल्या हेडसेटने बोलायचं. नियम उत्तम आहे. मात्र तो पाळायचा झाला तर ऑफिसला कशासाठी आलो, याचं उत्तर कोणाकडे नसतं.

वायफायचं दुखणंही याच जातीचं. व्हिडिओ कॉलला सेकंदाला दोन ते चार मेगाबिट लागतात, सत्तर जण एका वेळी कॉलवर असले तरी इमारतीची लाइन ते सहज ओढते. घोडं अडतं ते छतावरच्या वायफायच्या डब्यापाशी, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटपाशी. एका अ‍ॅक्सेस पॉइंटखाली पन्नास लॅपटॉप एकाच हवेतून बोलायला लागले की वेग पुरेसा असूनही आवाज तुटतो, चेहरा गोठतो. जास्त वेगाची लाइन घेऊन हे सुटत नाही. टेबलापर्यंत केबल ओढून आणि अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवून सुटतं. पण खर्चाच्या मंजुरीत लाइनचा वेग वाढवणं लवकर पास होतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आता हजेरी. खरी गुंतागुंत इथे आहे आणि खरं नुकसानही.

दाराचा कार्ड रीडर तीनच गोष्टी सांगतो: कोणतं कार्ड, कोणतं दार, किती वाजता. पुष्कळ इमारतींत आत येतानाच कार्ड लागतं, बाहेर पडताना बटण दाबलं की दार उघडतं. म्हणजे माणूस आला हे कळतं, कधी गेला हे कळत नाही. पुढच्याने सौजन्याने दार धरून ठेवलं आणि मागचा कार्ड न लावता आत आला, की तो त्या दिवशी गैरहजर. रात्री दहाला येऊन पहाटे सहाला जाणाऱ्याची हजेरी मध्यरात्री दोन तुकड्यांत मोडते, आणि प्रणाली नीट लिहिलेली नसेल तर त्याचे दोन दिवस तरी लागतात नाहीतर एकही लागत नाही. ग्राहकाच्या ऑफिसात आठवडाभर बसलेला माणूस तर दिसतच नाही. म्हणून मग लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कवर होता की व्हीपीएनवर, म्हणजे बाहेरून जोडलेला, ही नोंद जोडायची. ती जोडली की दोन याद्या जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्या नावांसाठी एक तिसरी एक्सेल शीट जन्माला येते. ती शीट सांभाळणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी एकच असते, आणि ती रजेवर गेली की महिन्याचा अहवाल थांबतो.

मग भाजक, म्हणजे टक्के किती दिवसांवर काढायचे तो आकडा. हा शब्द शाळेत सोडून आलो असं वाटतं, पण हजेरीच्या धोरणात सगळी भांडणं भाजकावरून होतात. महिन्यात कामाचे २२ दिवस. आठवड्याला तीन या हिशेबाने १३ दिवस यायचं. एकीने पाच दिवस रजा घेतली. उरले १७. आता तिने १३ च यायचं, म्हणजे उरलेल्या दिवसांतले ७६ टक्के? की १७ चे साठ टक्के, म्हणजे १०? धोरणात हे एका ओळीत लिहिलेलं नसेल, तर प्रत्येक मॅनेजर आपल्या मनाने ठरवतो, आणि एकाच मजल्यावर दोन कायदे चालतात. डेलने २०२४ मध्ये तिमाहीला ३९ दिवस असा आकडा ठरवला होता. तेरा आठवडे गुणिले तीन, सरळ हिशेब. लवचीकता यात जास्त, कारण एखादा आठवडा बुडाला तर पुढे भरून काढता येतो. पण त्याचबरोबर हजेरीनुसार रंग दिले गेले, निळा, हिरवा, पिवळा, लाल. आणि ज्यांनी पूर्णपणे घरून काम करणं निवडलं त्यांना बढतीची वाट बंद, असंही सांगितलं गेलं. तरीही अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या पूर्णवेळ कर्मचाऱ्यांनी घरच निवडल्याच्या बातम्या आल्या. बढतीचं गाजर ज्यांना लांबूनही दिसत नव्हतं, त्यांनी ते सोडून दिलं यात नवल नाही. पुढे २०२५ च्या मार्चपासून ऑफिसच्या जवळ राहणाऱ्यांना पाचही दिवस बोलावण्यात आलं.

टीसीएसने २०२४ मध्येच हजेरी थेट व्हेरिएबल पेला, म्हणजे पगाराच्या कमी-जास्त होणाऱ्या भागाला बांधली. ६० टक्क्यांखाली काही नाही, ६० ते ७५ पर्यंत निम्मं, ७५ ते ८५ पर्यंत पाऊण, ८५ च्या वर पूर्ण. पायऱ्यांची पद्धत समजायला सोपी असते, पण पायरीच्या कडेवर माणसं कशी वागतात ते बघायला हवं. तिमाहीत कामाचे ६३ दिवस धरले तर ८५ टक्के म्हणजे ५४ दिवस. ५३ दिवस आलेल्याचे ८४ टक्के भरतात आणि त्याची पाव रक्कम जाते. अशा पद्धतीत तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात ताप अंगावर काढून ऑफिसला येणारा माणूस निष्ठेने आलेला नसतो, तो कडेवर उभा असतो. आणि ज्याचा आकडा कधीच भरणार नाही हे दुसऱ्या महिन्यातच कळलं, तो तिसऱ्या महिन्यात कशाला येईल? सलग चढणारा हिशेब ठेवला, प्रत्येक दिवसाला थोडं थोडं, तर दोन्ही टोकं बोथट होतात. पण असं धोरण पोस्टरवर छान दिसत नाही.

मोजाल ते मिळतं. दाराशी मोजलं तर दारापर्यंतचं मिळतं. कार्ड लावायचं, एक कॉफी घ्यायची, दोघांना दिसायचं आणि तासाभरात घरी जाऊन कामाला लागायचं, ही पद्धत इतकी पसरली की तिला इंग्रजीत 'कॉफी बॅजिंग' असं स्वतंत्र नाव पडलं. मग कंपनी नियमात किमान चार तास, सहा तास असं घालते. त्यासाठी बाहेर पडतानाची नोंद लागते, म्हणजे नवे रीडर, नवा खर्च. माणसं चार तास आणि पाच मिनिटं थांबतात. हा उंदरा-मांजराचा खेळ कोण जिंकतं हे महत्त्वाचं नाही. त्यात मधल्या मॅनेजरचा सोमवारचा वेळ जातो हे महत्त्वाचं. त्याच्या पडद्यावर कालपर्यंत कामं होती, आता नावांसमोर टक्के असतात. टीममधल्या सर्वांत चांगल्या माणसाचे टक्के सर्वांत कमी असतील तर तो काय करतो? डोळेझाक. आणि मधल्या फळीतल्या, गुपचूप काम करणाऱ्या माणसाला मात्र समज देतो, कारण कोणालातरी दिली हे वर दाखवायचं असतं. बाकीच्यांना हे आठ दिवसांत कळतं.

एवढं सगळं करून कंपनीच्या हाती काय लागतं? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डिंग आणि मा या संशोधकांनी एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या यादीतल्या कंपन्या तपासल्या. आदेशानंतर नफ्यात किंवा शेअरच्या परताव्यात लक्षणीय सुधारणा त्यांना दिसली नाही. कर्मचाऱ्यांचं समाधान मात्र घसरलं. आणखी एक बारीक निरीक्षण त्यात आहे: शेअरची कामगिरी ढासळलेल्या कंपन्या असे आदेश काढण्याची शक्यता जास्त होती. घराचं बिनसलं की भांडी आपटायची, तसला प्रकार. त्यांच्या पुढच्या अभ्यासात तंत्रज्ञान आणि वित्त क्षेत्रातल्या ५४ कंपन्यांमधल्या तीस लाखांवर लोकांच्या नोकरीच्या नोंदी होत्या. आदेशानंतर सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि जाणाऱ्यांत स्त्रिया, वरिष्ठ आणि जास्त कुशल माणसं पुढे होती. रिकामी जागा भरायला लागणारा वेळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढला.

हे शेवटचं वाक्य नीट वाचायला हवं, कारण काही आदेशांमागे न बोललेला एक हेतू असतो. माणसं कमी करायची आहेत, पण कपात जाहीर करायची नाही, भरपाई द्यायची नाही. मग हुकूम काढा, शंभरातली दहा आपणच जातील. २०२४ मधल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात वरिष्ठ पदांवरच्या चौघांपैकी एकाने तशी आशा होती हे कबूलही केलं. हिशेब चुकतो तो दहा कोण यावर. कपातीची यादी केली तर निदान नावं तुम्ही निवडता. इथे नावं बाजार निवडतो. ज्याला बाहेर दोन महिन्यांत नोकरी मिळू शकते तो जातो. ज्याला कुठेच मिळणार नाही तो पहिल्या दिवशी पावणेनऊला हजर असतो, कार्ड लावून. गेलेल्या वरिष्ठाच्या जागी नवा माणूस शोधायला तीन-चार महिने, तो रुळायला आणखी सहा, आणि तेवढे दिवस त्याचं काम उरलेल्यांच्या अंगावर. भरपाईच्या वाचलेल्या पैशांसमोर हा खर्च कोणी लिहीत नाही, कारण त्याचा रकानाच कुठल्या शीटमध्ये नसतो.

तरीही ऑफिस निरुपयोगी आहे असं म्हणणं हा उलट्या बाजूचा आळस झाला. जवळ बसण्याने जे मिळतं ते खरं आहे. त्याच्या अटी मात्र नेमक्या आहेत. इमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस या तिघींनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास केला. काही टीम एका इमारतीत होत्या, काही दोन इमारतींत विभागलेल्या. एकत्र बसणाऱ्यांच्या कोडवर सहकाऱ्यांकडून येणाऱ्या सूचना सुमारे एक-पंचमांश जास्त होत्या, आणि फायदा मुख्यतः नव्यांना झाला. त्याची किंमत वरिष्ठांनी भरली, कारण शिकवण्यात वेळ गेला आणि त्यांचं स्वतःचं काम कमी झालं. म्हणजे ऑफिसात हजर असलेल्या वरिष्ठाचा आकडा खाली जाणं हे काही वेळा ऑफिस नीट चालल्याचं लक्षण असतं. त्याला बोलवायचं नव्यांना शिकवायला आणि वर्षअखेरीला मोजायचं फक्त त्याच्या स्वतःच्या कामावर, ही लबाडी झाली. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अशी की टीममधला एक जरी जण लांब असला, तरी जवळ बसलेल्यांमधली देवाणघेवाणही घटते. सगळं बोलणं त्या एकासाठी पडद्यावर सरकतं.

अंतराचंही असंच. एमआयटीतल्या टॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की दोन टेबलांमधलं अंतर पन्नास मीटरच्या आसपास गेलं की बोलणं जवळजवळ आटतं. मजला वेगळा असेल तर इमारत वेगळी असल्यासारखंच. आणि भिंती पाडून मोकळा हॉल केला की माणसं जास्त बोलतील, हाही भ्रम. बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये दोन कंपन्यांत मोजलं तेव्हा मोकळ्या हॉलमध्ये गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं होतं आणि ईमेल वाढले होते. सगळ्यांसमोर बोलायला लागू नये म्हणून माणसं हेडफोन लावतात. म्हणजे 'ऑफिस' नावाच्या एका वस्तूचा परिणाम असा काही नसतो. कोण कोणाशेजारी बसतं, किती अंतरावर आणि त्याच दिवशी दोघे आहेत का, यावर सगळं ठरतं. आदेशात यांपैकी एकही गोष्ट नसते. त्यात असतो दिवसांचा आकडा.

दोन दिवस घरून आणि तीन दिवस ऑफिसातून, या वाटणीचा सर्वांत भक्कम पुरावा ट्रिपडॉटकॉम या चिनी ट्रॅव्हल कंपनीतल्या प्रयोगाचा आहे. १,६१२ कर्मचारी, सहा महिने, २०२१-२२. निम्म्यांना बुधवार-शुक्रवार घरून कामाची मुभा, निम्मे पाचही दिवस ऑफिसात. राजीनामे तिसऱ्या हिश्श्याने घटले. पुढची दोन वर्षं कामाचं मूल्यमापन आणि बढत्या बघितल्या, फरक नाही. प्रयोगाआधी मॅनेजरांना वाटत होतं की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच मॅनेजर म्हणाले, एक टक्का वाढली. यातली न दिसणारी गोष्ट म्हणजे वार ठरलेले होते. त्यामुळे बाकीचे तीन दिवस सगळे जण एकत्र होते. 'तुम्हाला हवे ते तीन' असं सांगितलं असतं तर तो मंगळवारचा १३५ चा गोंधळ झाला असता.

काम करणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर पहिला हिशेब वेळेचा. २७ देशांच्या सर्वेक्षणात घरून कामाच्या एका दिवसाला प्रवासाची सरासरी ७२ मिनिटं वाचतात असं आढळलं. ही मिनिटं एकरकमी नसतात. दिवसाच्या दोन कडांना असतात, मूल शाळेला निघण्याच्या वेळी आणि म्हाताऱ्यांच्या औषधाच्या वेळी. त्यामुळे पाचवा दिवस पहिल्या दिवसापेक्षा महाग पडतो: चार दिवसांची सोय शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीने होते, पाचव्या दिवसासाठी माणूस ठेवावा लागतो किंवा घरातल्या एकाने नोकरी सोडावी लागते, आणि ते एक जण कोण असतं हे सांगायची गरज नाही. व्हीलचेअरवरून किंवा दीर्घ आजारातून काम करणाऱ्यांना या काळात पहिल्यांदा बरोबरीची जागा मिळाली होती. त्यांना आता अपवादाचा अर्ज भरावा लागतो, डॉक्टरच्या कागदासह, दर सहा महिन्यांनी, जणू पाय परत येणार आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी. एका खोलीत चौघं राहणाऱ्या घरात कॉल घेणाऱ्या पोराला ऑफिस ही सुटका असते. सीट्रिपच्या, म्हणजे त्याच ट्रिपडॉटकॉमच्या जुन्या नावाच्या काळातल्या, आधीच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्के चांगली होती, तरी पुढे निवड करायला सांगितल्यावर त्यांच्यातले बरेच जण परत ऑफिसला आले. एकटेपणा हे मुख्य कारण. शिवाय कामगिरी चांगली असूनही घरी बसलेल्यांच्या वाट्याला त्या मानाने बढत्या कमी आल्या. डोळ्याआड ते मनाआड. हा दोष घरून कामाचा की बढती देणाऱ्यांचा, यावर हुकूम काढणाऱ्यांनी थोडा वेळ घालवायला हरकत नाही.

मग हे नीट करायचं तर क्रम कोणता? आधी सहा आठवडे नुसतं मोजायचं: वारानुसार किती माणसं येतात, किती वेळ थांबतात, कोणत्या खोल्या भरतात. मग नेमणूक पत्रं काढायची आणि ज्यांच्या पत्रात कामाची जागा वेगळी लिहिली आहे त्यांची यादी वेगळी करायची, कारण त्यांच्याशी बोलणी करावी लागतात, त्यांना हुकूम चालत नाही. मग दिवस ठरवायचे, कंपनीचे नाही, टीमचे. विक्रीवाल्यांना सोमवार-मंगळवार, त्यांच्याशी ज्यांचं काम अडतं त्यांनाही तेच, दुसऱ्या गटाला बुधवार-गुरुवार. त्या दिवशी एकट्याने करायची कामं ठेवायची नाहीत. एकत्र बसून आराखडे, परीक्षणं, नव्यांची शिकवणी. नव्या माणसाला पहिले तीन महिने त्याच्या वरिष्ठासोबत एकाच रांगेत जागा, आणि वरिष्ठाच्या लक्ष्यातून तेवढे तास वजा. दोन टीमांवर आठ आठवडे चालवून बघायचं, आवाज, वायफाय, खोल्या दुरुस्त करायच्या. ईमेल त्यानंतर, आणि अंमल ईमेलपासून तीन महिन्यांनी, कारण पाळणाघर, भाड्याचं घर, शाळेची बस यांच्या तारखा कोणाच्या सहीने हलत नाहीत. ज्याने सही केली त्याचं कार्डही त्याच दारात, त्याच हिशेबात लागायला हवं.

भाजक एका ओळीत लिहायचा. अपवाद कोण मंजूर करणार, किती दिवसांत उत्तर मिळणार, हे दुसऱ्या ओळीत. आणि टक्क्यांचा अहवाल मॅनेजरला दर आठवड्याला न देता तिमाहीला एकदा. त्याऐवजी दुसरे आकडे मागायचे: नव्या माणसाने पहिलं काम कोणाच्या मदतीविना कितव्या आठवड्यात पूर्ण केलं, परीक्षणासाठी दिलेलं काम किती तास पडून राहिलं, राजीनामे कोणत्या पातळीवरचे आणि किती वर्षं काढलेल्यांचे. राजीनाम्याच्या मुलाखतीत 'वैयक्तिक कारण' असं लिहून येतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. तीन महिन्यांनी फोन करून विचारलं की खरं सांगतात.

आदेश आठवड्याला तीन दिवसांचा असो की पाचाचा, शेवटी एक कागद असा येतो ज्यावर भाषणं चालत नाहीत, तो म्हणजे जागेच्या भाडेकराराचा. करार पाच-दहा वर्षांचे असतात आणि मुदत संपण्याआधी वर्ष-दीड वर्ष ठरवावं लागतं की जागा ठेवायची, सोडायची की निम्मी करायची. तेव्हा वित्त विभाग हजेरीचाच डेटा मागतो, तोच दारातला. सरासरी दिली तर मंगळवारी माणसं पुन्हा जिन्यात बसतील. सर्वांत गर्दीचा दिवस दिला तर सोमवारी आणि शुक्रवारी मजला जवळजवळ रिकामा राहील. टीमचे वार आधी वाटून घेतले असतील तर हे दोन्ही आकडे जवळ आलेले असतात आणि निर्णय सोपा जातो. आणि तो डेटा देताना आधी दोन तासांपेक्षा कमी थांबलेल्यांच्या नोंदी काढून टाकायच्या. कॉफी घेऊन गेलेल्यांना त्यात धरलं, तर पुढची दहा वर्षं त्यांच्या खुर्चीचं भाडं भरावं लागेल.